बऱ्हाणपूरचा बँड आणि स्पर्धेचा मांडव

तुळशीचे लग्न लागले की बऱ्हाणपूरच्या रस्त्यांवर वरातींची दाटी होऊ लागते, आणि वर्षाच्या इतर दिवसांत ज्यांची फारशी कोणाला आठवण नसते अशा काही माणसांना एकाएकी मागणी येते. अंगात भडक रंगाचा कोट, खांद्यावर सोनेरी फीत, हातात क्लॅरिनेट, ट्रंपेट किंवा नुसती झांज. वरातीच्या अग्रभागी चालणाऱ्या या माणसाकडे सारे पाहतात. परंतु त्याचे वादन ऐकतो कोण? नवरदेवाच्या मित्रमंडळींना ठेका हवा असतो, यजमानाला थाट हवा असतो आणि वाहतूक खोळंबलेल्या वाटसरूला हा सारा प्रकार लवकर पुढे सरकलेला हवा असतो. आता तर ठेक्यासाठीसुद्धा या वादकाची आवश्यकता उरलेली नाही. मोटारीवर चढवलेले प्रचंड ध्वनिक्षेपक त्याच्या दहापट आवाज करतात. ते दमत नाहीत, मध्येच चहा मागत नाहीत.

अशा वेळी गावच्या वादकांसाठी गावातच स्पर्धा भरवावी, ही कल्पना कोणाच्याही मनात सहज यावी. ती चांगलीही आहे. परंतु स्पर्धा म्हणजे केवळ मांडव, पाहुणे आणि करंडक नव्हे. तिची मांडणी विचारपूर्वक झाली तर एखादी कला पुन्हा उभी राहते. न झाली तर एका रात्रीचा गोंगाट होऊन सकाळी सतरंज्या गुंडाळल्या जातात.

बऱ्हाणपूर संगीताला परके नाही. तापीकाठच्या या नगरीचा उल्लेख निघाला की फारुकी सुलतान, कुंडी भंडारा, जवळचा असीरगड आणि 1631 साली येथे निधन पावलेली मुमताजमहल यांची नावे ओठांवर येतात. परंतु पुंडरीक विठ्ठल हे नाव क्वचितच कोणी घेतो. कर्नाटकातून उत्तरेकडे आलेल्या या पंडिताने सोळाव्या शतकात, फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने, ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. दाक्षिणात्य मेलपद्धतीच्या आधाराने उत्तरेकडील रागांची व्यवस्था लावण्याचा तो प्रयत्न होता. सुलतान मुसलमान, पंडित कानडी, ग्रंथ संस्कृत आणि राग हिंदुस्थानी, असा हा योग जुळून आला तो खानदेशच्या राजधानीत. याच सुमारास माळव्याचा संगीतवेडा सुलतान बाजबहादूर राज्य गमावून खानदेशच्या आश्रयास आला होता. आज मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती या भाषा ज्या बाजारपेठेत एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात, तेथे एकत्र वाजवण्याची परंपरा नव्याने शिकवावी लागू नये.

अर्थात दरबारी संगीत वेगळे आणि रस्त्यावरचा बँड वेगळा, असे कोणी म्हणेल. बँडची मूळ वाद्ये इंग्रजी पलटणींबरोबर आली, हे खरे. परंतु ती केव्हाच आपली झाली आहेत. सनई-चौघड्याचे काम त्यांनी उचलले, आणि नव्या चित्रपटातील गीत लोकांच्या तोंडी रुळते न रुळते तोच ते रस्त्यावर वाजू लागले. ज्याला स्वरलिपीचे एक अक्षरही येत नाही असा वादक दोनचारदा ऐकलेली चाल अचूक उचलतो, ही विद्या सामान्य नव्हे. विद्यालयांतून तिला पदवी मिळत नाही, एवढेच. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातील वरातीच्या बँडवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. या वादकांच्या व्यवसायाचे, त्यांच्या स्थलांतराचे आणि समाजात त्यांना मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीचे वर्णन परदेशी पंडिताने करावे आणि आपण त्यांना वरात संपताच मागच्या दाराशी जेवायला बसवावे, हे काही भूषणावह नाही.

मध्य प्रदेशातच मैहरचे उदाहरण आहे. 1918 च्या साथीनंतर निराधार झालेल्या मुलांना हाताशी धरून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर संस्थानात वाद्यवृंद उभारला. बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ हे वाद्य तयार केले. संगीताचा गंध नसलेली पोरकी मुले पुढे रागदारी वाजवू लागली. खाँसाहेब स्वतः तरुणपणी कलकत्त्यास लोबो नावाच्या बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले होते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरवाचन शिकलेल्या माणसांनी एकेकाळी मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतचे बँड चालवले, आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंदही त्यांच्याच आधारावर उभे राहिले. एका खेड्यातील प्रार्थनामंदिराच्या माळ्यावर गिरवलेला सा-रे-ग-म किती दूर जातो, याचा हा दाखला आहे.

परंतु मैहरला संस्थानिक होते. बऱ्हाणपूरला यंत्रमाग आहेत. म्हणून स्पर्धेचा विचार करताना इंग्लंडातील लँकशायर आणि यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांचा प्रदेश आठवल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्यांना पडदे बसवले गेले. एका हाताच्या तीन बोटांनी सारे सप्तक वाजू लागले. दिवसभर यंत्रापुढे राबून बोटे जाड झालेल्या कामगारालाही ही वाद्ये साधत. क्वीन्सबरी या गावच्या जॉन फॉस्टर या गिरणीमालकाने 1855 साली गावच्या बँडला वाद्ये व पोशाख दिले आणि वादकांना गिरणीत कामाला घेतले. तोच बँड ‘ब्लॅक डाइक’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याआधी दोन वर्षे, 1853 मध्ये, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात पितळी बँडांची मोठी स्पर्धा सुरू झाली होती. पहिल्या वर्षी मॉस्ली या छोट्या गावच्या बँडने ती जिंकली. स्वस्त भाड्याच्या खास आगगाड्यांमुळे गिरणीकामगार कुटुंबांसह आपल्या गावचा बँड ऐकायला दूरदूरच्या स्पर्धांना जाऊ लागले.

या स्पर्धांतील एक रीत बऱ्हाणपूरने जशीच्या तशी उचलावी अशी आहे. तेथे परीक्षक बंद राहुटीत बसतात. कोणता बँड वाजवीत आहे हे त्यांना दिसत नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि परीक्षकांना केवळ क्रमांक कळतो. ज्या गावात प्रत्येक माणूस कोणाचा तरी मामा किंवा मेहुणा आहे त्या गावात या रीतीचे मोल निराळे सांगायला नको. शिवाय पडद्याआड बसलेल्या परीक्षकाला कोटावरची जर दिसत नाही, पुढे नाचणारी पोरे दिसत नाहीत, त्याला ऐकण्यावाचून गत्यंतरच राहत नाही. आयुष्यात प्रथमच वादकाला निव्वळ श्रोता लाभेल.

परीक्षक तीन असावेत आणि तिघेही बाहेरगावचे. एक रागसंगीत जाणणारा, दुसरा लष्कराच्या किंवा पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला आणि तिसरा वरातीच्या बँडमध्येच आयुष्य घालवलेला मास्तर. हा तिसरा सर्वांत महत्त्वाचा. कारण तीन मैल चालत, धुळीत, फाटक्या ओठांनी सूर टिकवणे म्हणजे काय, हे फक्त त्यालाच ठाऊक असते.

नियम थोडे, पण कडक हवेत. वादकांची संख्या ठरलेली असावी. ध्वनिक्षेपकाला मुळीच परवानगी नसावी. पितळेला त्याची गरज नाही. प्रत्येक बँडने दोन रचना वाजवाव्यात. एक स्वतःच्या पसंतीची, मग ती चित्रपटातील असली तरी हरकत नाही, आणि दुसरी सर्वांना समान नेमून दिलेली. ही नेमलेली चाल निमाड-खानदेशच्या मातीतील असावी. निमाडातील गणगौरीची गीते आहेत, संत सिंगाजींची भजने आहेत, अहिराणी लग्नगीते आहेत. ती दोन महिने आधी सर्वांना ध्वनिमुद्रित करून द्यावी. कागदावरची स्वरलिपी सोबत द्यावी, पण तिची सक्ती करू नये. पाच-सहा बँड एकाच चालीवर दोन महिने मेहनत करतील, तेव्हा ती चाल गल्लीबोळांतून पोरांच्या तोंडी बसेल. स्पर्धेचा खरा लाभ निकालाच्या आधीच पदरात पडेल तो असा.

दिवस कोणता? येथे पुष्कळ आयोजक चुकतात. लग्नसराईत बँड मोकळा नसतो, आणि ऐन पावसात मोकळा असला तरी मैदान मोकळे नसते. गणपती आणि नवरात्र मिरवणुकांत जातात. पितृपक्षात वादक रिकामा असतो खरा, पण त्या पंधरवड्यात मांडव घालायला गावकरी राजी होणार नाहीत. उरतो तो दसऱ्यानंतरचा आठवडा. पाऊस सरलेला असतो, तुळशीच्या लग्नाला अवकाश असतो आणि कोजागिरीचे चांदणे फुकट मिळते. तथापि रात्री दहाच्या आत कार्यक्रम आटोपला पाहिजे. इतरांनी गोंगाट करू नये असे म्हणणाऱ्यांनी स्वतः तरी शेजाऱ्यांची झोप राखावी. स्थळ म्हणून शाही किल्ल्याचे नाव हौशी मंडळी सुचवतील. छायाचित्रे उत्तम येतील यात शंका नाही. पण संरक्षित वास्तूत परवानग्यांच्या मागे धावण्यात उत्साह संपतो. शाळेचे मैदान बरे, कारण तेथे मुले येतात.

मुलांसाठी स्वतंत्र गट ठेवल्यावाचून हा खटाटोप व्यर्थ आहे. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या वृद्ध मास्तरांकडे आज शागीर्द राहत नाहीत. मुलाने बापाचा धंदा सोडला तर त्याला दोष देता येत नाही. ज्या धंद्यात पाच-सहा महिने चूल पेटते आणि उरलेले महिने उसनवारी चालते, तो मुलाच्या गळ्यात बांधणार कोण? परंतु शाळेतील पथकाला त्या वृद्धाने आठवड्यातून दोन दिवस शिकवावे, शाळेने त्याला मानधन द्यावे, आणि त्या पथकाने स्पर्धेत उतरावे, एवढे जमण्यासारखे आहे. मास्तराला पावसाळ्यात चार पैसे मिळतील, आणि वाजवणे ही केवळ एका जातीची किंवा एका मोहल्ल्याची मिरास नव्हे हे मुलांना न सांगता कळेल.

महाराष्ट्रात स्पर्धांनी नाटकाला काय दिले हे सर्वांना विदित आहे. 1954 साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेमुळे तालुक्यातालुक्यांतील हौशी मंडळींना दरवर्षी काहीतरी नवे उभे करण्याचे निमित्त मिळाले. पुण्यात 1963 पासून भरणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाविद्यालयीन मुलांतून नटांच्या आणि लेखकांच्या पिढ्या घडवल्या. याच स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी करंडक कोणालाच देऊ नये असे ठरवले, तेव्हा मोठा वाद माजला. जवळपास साठ वर्षे मुरलेल्या स्पर्धेला ती कठोरता कदाचित पेलत असेल. बऱ्हाणपूरच्या पहिल्या स्पर्धेने मात्र तसे धाडस करू नये. नाटकातील मुलगा दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जातो. बँडवाला दुसऱ्या दिवशी मजुरीला जातो, आणि त्याचा अपमान गिऱ्हाइकांच्या कानांवर जाऊन त्याची सुपारी तुटू शकते.

म्हणूनच पैशाची वाटणी हा या योजनेचा कणा आहे. सारी रक्कम पहिल्या तिघांत वाटून टाकली तर चौथ्याने पुढच्या वर्षी का यावे? स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक वादकाचा एक रोजगार बुडतो. तो भरून देणे हे बक्षीस नव्हे. ते देणे आहे, आणि ते वादन सुरू होण्यापूर्वी रोख हातात पडले पाहिजे, मालकाच्या नव्हे, वादकाच्या. बक्षिसाबद्दल म्हणायचे तर काचेच्या कपाटात ठेवायच्या करंडकापेक्षा वाद्ये द्यावीत. या देशातील पितळी वाद्ये मुख्यतः मेरठच्या जली कोठी भागात बनतात. तेथील एखाद्या कारागिराला स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांसाठी बोलावून घ्यावे. अडकलेले पडदे, झिजलेल्या स्प्रिंगा, फुटलेल्या नळ्या, सारे त्याने मैदानाच्या कडेला बसून नीट करून द्यावे, आणि बऱ्हाणपूरच्या एका-दोघा तरुणांनी ते काम शेजारी बसून शिकून घ्यावे.

हा खर्च कोणी करावा? ज्या घरांत वर्षाकाठी लग्ने होतात त्यांनी, ज्या व्यापाऱ्यांची दुकाने लग्नसराईवर चालतात त्यांनी आणि ज्या मागवाल्यांच्या कारखान्यांत या वादकांचे भाऊबंद राबतात त्यांनी. वर्गणीची यादी व जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा. पुढाऱ्यांना निमंत्रण अवश्य असावे. भाषणे मात्र सर्व बँडांचे वादन आटोपल्यावर, परीक्षक गुणांची बेरीज करीत असतील तेवढ्याच वेळात.