लाकडात कोरलेला उजेड

हरेन दास (१९२१–१९९३) यांच्या काष्ठमुद्रांतील बंगालची शेते पाहताना एक ध्यानात घ्यावे : ठशातून कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, न कोरलेला काळा उमटतो. म्हणजे पाण्यावरचा तो उजेड रेघेरेघेने, श्रमाने कोरलेला आहे. एकाच काळ्या शाईत गवताचा पोत आणि ढगांची करडी झाक येते, ती रेघांच्या दाटी-विरळीतून.

तरीही माझी तक्रार आहे. दास दिनाजपूरचे. त्याच जिल्ह्यात १९४६ साली बटाईदार दोन-तृतीयांश पिकासाठी तेभागा लढ्यात उतरले. सोमनाथ होर यांनी तो लढा रंगपूरला पाहून लाकडात कोरला. दासांच्या शेतात माणूस राबतो. धान्य कोणाच्या कोठारात जाते, ते दिसत नाही. म्हणून काही मित्र ही चित्रे त्याज्य ठरवतात. मला ते मान्य नाही. गवताची पातीन्‌पाती कोरणाऱ्याने शेत परक्या नजरेने पाहिलेले नाही.