मूल अंगाने भरले, म्हणजे काय?
(पालक मेळाव्यातील भाषण)



लेकराचे वजन किती, असे आईला विचारले तर आकडा क्वचितच मिळतो. “अंगाने बरा आहे”, नाहीतर “काही खातच नाही हो”, असे उत्तर येते. म्हणजे वजन आपण डोळ्यांनी करतो, आणि डोळे शेजारच्या मुलाकडे पाहून निवाडा देतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर 100 मुलांपैकी 36 मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. भोवतालचे प्रत्येक तिसरे मूल हलके असेल, तर आपले हलके मूल आपल्याला हलके वाटणार तरी कसे?

उलट, चांगले वाढणारे मूल अनेकांना सुकलेले वाटते. त्याचे कारण सोपे आहे. जन्मताना तीन किलोचे बाळ वर्षात तिप्पट होते. पुढच्या सबंध वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. नेमकी इथेच घरात धावपळ सुरू होते. दादी म्हणते नजर लागली, अम्मी घास घेऊन मागे पळते, अब्बा टॉनिकची बाटली आणतात. जेवण राहते बाजूला आणि मूल बिस्किटांवर व गोड चहावर दिवस काढते! पाच-सहा वर्षांचे मूल तर निसर्गतःच सडपातळ दिसते.

गुबगुबीत मुलाचे कौतुक करतानाही जरा थांबावे. अनेक देशांतील पाहण्यांत असे दिसले की, ज्यांचे मूल खरोखर जाड आहे अशा आईबापांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते जाड वाटतच नाही. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. कुपोषणात अंगावर सूज येते, आणि ती सूज बाळसे समजली जाते. दोन्ही पावलांवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खळगा तसाच राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

“मुलगी नाजूकच असायची”, हेही नेहमी ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जे वाढीचे आलेख दिले, त्यात मुलींचा आलेख मुळातच वेगळा आहे. एक वर्षाच्या मुलाचे मधले वजन 9.6 किलो, मुलीचे 8.9, दोन वर्षांच्या मुलाचे 12.2, मुलीचे 11.5. नाजूकपणाची सूट तिथे आधीच दिलेली आहे. तिच्या ताटातून ती पुन्हा घेऊ नये. हे आकडे मधले आहेत, उत्तीर्ण होण्याचे गुण नव्हेत. थोडे खाली असलेले मूलही निरोगी असू शकते. पाहायची ती रेषा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे. आलेख तुम्ही वर्गात काढता. धाकट्या भावंडाला अंगणवाडीत न्या, वजन करवून घ्या, कार्डावर टिंब मांडा आणि मागच्या टिंबाला जोडा. रेषा वर चढत असेल, तर अम्मीला दाखवा. तिची रात्रीची झोप परत येईल. दोन-तीन महिने रेषा आडवी राहिली किंवा खाली वळली, तर टिंब हिरव्या पट्ट्यात असले तरी ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जायचे.