'क'चा क्रमांक २३२५



फ्लॉपीच्या काळात ज्यांनी मराठी टायपिंग केलं, त्यांना हा प्रसंग नक्की आठवेल. लग्नपत्रिकेचा मजकूर एका दुकानात टाइप करून घेतला, फ्लॉपी दुसऱ्या छापखान्यात नेली, फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! मजकूर होता तसाच होता. तो वाचायची किल्ली मात्र पहिल्या दुकानातल्या फॉन्टकडे राहिली होती.

तेव्हा प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार आपल्या मर्जीनं बसवायची. एकीचा 'क' जिथे, तिथे दुसरीची वेलांटी. तो फॉन्ट मिळेनासा झाला, की वर्षानुवर्षांचं दप्तर अडकलं. मला हे फार लागतं, कारण अडकलेली ती आपली भाषा होती.

१९९१ साली युनिकोड या, प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या खुल्या मानकाची पहिली आवृत्ती आली. देवनागरीची मांडणी त्यात आपल्याच 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली आहे. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५, आणि तो पुण्यातल्या संगणकावर जो, तोच टोकियोतल्या. या क्रमांकांचा तक्ता कुणालाही फुकट पाहता येतो, त्यावरून फॉन्ट बनवून विकताही येतो. चढाओढ उरते ती अक्षराच्या वळणाची.

तुमच्या पतसंस्थेची, वाचनालयाची जुनी इतिवृत्तं त्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर ती युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं छापील प्रतीशी ताडून पाहा. चुका तिथेच राहतात.