साईट काढल्यानंतर



विदर्भात तिरंदाजीचं नाव आता घरोघर पोचलं आहे. २०२३ च्या मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला अंतिम फेरीत एका गुणाने हरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला, जागतिक विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, नागपूरच्या ओजस देवतळेने पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात रोवले. १५० पैकी १५०. साताऱ्याची अदिती स्वामी तिथेच, वयाच्या सतराव्या वर्षी, जगज्जेती झाली. ही तिघंही कंपाउंडची, म्हणजे चाकांच्या धनुष्याची माणसं. ऑलिंपिकमध्ये १९७२ पासून दिसतं ते रिकर्व्ह, टोकं पुढे वळलेलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला रिकर्व्ह घेऊन उतरला, आणि तो धनुष्य धरायला शिकला आमच्या शेजारच्या अमरावतीत, क्रीडा प्रबोधिनीत.

मी कारंजा तालुक्यातल्या कामरगावचा. कॉलेजात असताना रिकर्व्ह हाती आलं आणि बरीच वर्षं तेच चालवलं. पुढे ते बाजूला ठेवून मी साधं, सरळ, उंचीएवढं लांब धनुष्य घेतलं. त्याला जगभर लॉन्गबो म्हणतात, आपल्याकडे कामठा. हे पाहून गावातले लोक विचारतात, "पुढं जायचं सोडून मागं काहून चालले, भाऊ?" त्यांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावं म्हणून आज हा विषय घेतला आहे.

लांब धनुष्य म्हटलं की पुस्तकं वाचलेल्या माणसाला इंग्लंड आठवतं. क्रेसीची लढाई, अजिंकूरची लढाई, 'यू' नावाच्या झाडाचं लाकूड. १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्रजांचं लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्यातल्या सामानात शंभराहून जास्त अखंड लांब धनुष्यं मिळाली. हे सगळं खरं आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याने आपल्याकडच्या पायदळाचं वर्णन करून ठेवलं होतं आणि आरियन या ग्रीक लेखकाने ते 'इंडिका'त घेतलं. त्यात सांगितलं आहे की या लोकांचं धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीएवढं असतं, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात, आणि बाण तीन हातांहून थोडा कमी लांब असतो. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाचं सैन्य उभं राहिलं, तेव्हा पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि ही मोठाली धनुष्यं टेकवून ओढणं अवघड गेलं, असं कर्टियस या रोमन इतिहासकाराने लिहिलं आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सामानाची यादीच आहे. धनुष्य ताडाचं, बांबूचं, लाकडाचं किंवा शिंगाचं. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, स्नायू आणि वेळू. यातला वेळू मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला आजही बांबूच्या कामटीचीच दोरी असते. धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूची. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदलेली गोष्ट आजही डोंगरात वापरात आहे, याची आपल्या क्रीडावर्तुळात जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली जात नाही. तेव्हा लांब धनुष्याकडे वळणारा माणूस परदेशी छंद जोपासतो आहे, असं कृपा करून समजू नका.

आता प्रत्यक्ष बदलाबद्दल बोलतो. खरं सांगण्यासारखं तिथेच आहे.

रिकर्व्हला दोरी चढवली की ती भुजांच्या वळलेल्या टोकांवर टेकून बसते. आपण ओढत गेलो की ती तिथून सुटते, वळण उलगडतं, आणि धनुष्य आतून लांब झाल्यासारखं वागतं. त्यामुळे भार सुरुवातीलाच येतो आणि शेवटचे इंच मऊ जातात. त्यात नेम धरायची साईट, तोल धरणारे स्टॅबिलायझरचे दांडे, बाण पुरेसा ओढला की टक्कन वाजणारा क्लिकर. सगळं मिळून अडीच-तीन किलो वजन डाव्या हातात असतं आणि ते वजनच हात शांत ठेवतं.

लॉन्गबो किलोभरसुद्धा नसतो. दोरी फक्त दोन टोकांना अडकलेली असते. भार सारखा चढत जातो आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत एकदम अंगावर येतो. नेमकं तिथेच थांबून नेम धरण्याची सवय रिकर्व्हवाल्याला लागलेली असते. क्लिकरची वाट पाहत तो त्या जड जागी रेंगाळतो, पाठ सैल पडते, दोरी बोटभर पुढे सरकते आणि बाण खाली जातो. पुढचा बाण जरा जास्त ओढला जातो आणि वर जातो. धनुष्य बिघडलं आहे असंच सुरुवातीला वाटतं. पण क्लिकर जे काम करत होता ते आता पाठीच्या स्नायूंनी करायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणून नव्याने वळणाऱ्याला मी आग्रहाने सांगतो की रिकर्व्हवर जेवढं पाउंडेज, म्हणजे ओढीचा भार, ओढता त्यापेक्षा आठ-दहा पाउंड कमीचं लांब धनुष्य घ्या. चाळीस पाउंड सहज ओढणारा माणूस तिशीवर उतरला तर त्याची शरम वाटू देऊ नये. खांद्याचा सांधा एकदा दुखावला की महिनोन्‌महिने धनुष्य खुंटीला राहतं.

दुसरी गोष्ट हाताला बसणाऱ्या झटक्याची. लांब धनुष्याच्या भुजा जड असतात. बाण निघून गेल्यावर उरलेला जोर मुठीत येतो आणि मनगट, कोपर, खांदा असा चढतो. रिकर्व्हच्या सवयीने हात ताठ आणि मूठ सैल ठेवली की हा झटका फार लागतो. इथे तळहाताची गादी मुठीच्या खालच्या भागावर टेकवायची, कोपर किंचित मोकळं ठेवायचं आणि मूठ घट्ट न आवळता नीट धरायची. बाण जरा जड घेतला तर जोर बाणाबरोबर जातो आणि हातात कमी राहतो. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून किती लांब असावी, याचंही जुनं माप सोपं आहे. मुठीवर अंगठा उभा केला की जेवढं होतं तेवढं. रिकर्व्हला याहून जास्त अंतर लागतं, आणि तेच माप इथे लावलं तर धनुष्याला उगाच ताण बसतो.

तिसरी गोष्ट नेमाची, आणि माझ्या मते सगळ्यात कठीण. ऑलिंपिक पद्धतीत दोरीचा हात हनुवटीखाली टेकतो. साईट असते म्हणून ते चालतं. साईट काढल्यावर हनुवटीखालच्या हाताने बाण डोळ्यापासून फार खाली राहतो, आणि जवळच्या लक्ष्यावर मारताना टोक कुठे तरी भलतीकडे धरावं लागतं. म्हणून हात वर, ओठाच्या कोपऱ्याशी येतो. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. आता बाणाचं टोक आणि लक्ष्य यांच्यातलं अंतर डोळ्याने वाचायचं. एका ठरावीक पल्ल्यावर टोक थेट मध्यावर ठेवलं की बाण मध्यावर जातो, त्याच्या अलीकडे टोक खाली धरायचं, पलीकडे वर. हे अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि दुसऱ्याचं उसनं घेता येत नाही. काहीजण हे मोजमाप पूर्ण सोडून फक्त लक्ष्याकडे पाहतात आणि हातावर विश्वास ठेवतात. तीही पद्धत खरी आहे, पण ती आधी हजारो बाण मागते.

चौथी गोष्ट बाणांची. रिकर्व्हच्या मुठीला बाणासाठी मध्यापर्यंत खाच असते. कामठ्याला ती नसते. बाण दांड्याच्या बाजूला, बोटाच्या पेरावर टेकतो, आणि सुटताना त्याला माशासारखं वळसा घेऊन दांड्याला चुकवून पुढे जावं लागतं. तो पुरेसा लवचीक नसेल तर डाव्या हाताने धनुष्य धरणाऱ्याचा बाण सतत डावीकडेच पडतो, कितीही चांगला सोडला तरी. प्लास्टिकची पाती इथे आपटतात आणि बाण उडवून देतात. खरी पिसं दबतात आणि पुन्हा उभी राहतात. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या थ्री-डी, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम धरायच्या, स्पर्धांमध्ये लॉन्गबोचा स्वतंत्र गट आहे आणि त्यात बाण लाकडाचे, पिसं नैसर्गिक, असाच नियम आहे. पिसाचा देठ बोटाला कापतो, म्हणून डाव्या हातात पातळ कातडी हातमोजा घालावा.

आता बांबूबद्दल, कारण आपल्या भागात लांब धनुष्य म्हणजे बांबू. यू झाडाची खुबी अशी की त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. एकाच दांड्यात निसर्गाने दोन थर दिलेले. बांबूत याच कामासाठी दाट धाग्यांची बाहेरची साल आहे. ताण सोसण्यात तिला तोड नाही. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत वाढणारी मानवेल ही बांबूची जात जवळजवळ भरीव असते, त्यामुळे तिच्या जाड भिंतीतून अख्खं धनुष्य निघतं. साल लक्ष्याच्या बाजूला ठेवायची आणि तिला कोयत्याचा ओरखडाही लागू द्यायचा नाही. तासायचं ते आतून, आणि तेही थोडं थोडं, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का हे पाहत. पेरांच्या गाठी सपाट करण्याचा मोह टाळावा, धनुष्य तिथेच मोडतं. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. स्वतःच्या धुऱ्यावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याला तो तोडताना पूर्वीची अडचण राहिली नाही.

आमच्या उन्हाचं मात्र भान ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बंद गाडीत ठेवलं तर थर चिकटवून केलेलं धनुष्य सुटतं आणि बांबूचं वाळून ठिसूळ होतं. सराव सकाळी आटोपावा, नेम मारून झाला की दोरी लगेच उतरवावी आणि धनुष्य सावलीत आडवं ठेवावं. बाण न लावता दोरी ओढून सोडण्याचा खेळ पोरं हमखास करतात. त्यांना तिथेच थांबवा. बाणात जाणारा सगळा जोर अशा वेळी दांड्यातच फुटतो.

जागेचं म्हणाल तर आमच्याकडे ती भरपूर आहे. सोयाबीन निघाल्यावर रिकामं वावर, मागे उंच धुरा, पुढे कुटार ठासून भरलेली पोती. लक्ष्यामागे माणूस किंवा जनावर येऊ शकेल अशा दिशेला कधीच बाण सोडू नये. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, हरणांचे कळप वावरातही येतात. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: हे धनुष्य पोत्यासाठी आहे.

एक गोष्ट मनाला लागते ती बोलतो. आपल्या राष्ट्रीय आणि शालेय स्पर्धांमध्ये 'इंडियन राऊंड' नावाचा गट आहे. बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य, जवळचे पल्ले. खेड्यातल्या बहुतेक मुलांचा पहिला बाण यातूनच सुटतो. राजस्थानचा लिंबाराम असाच बांबूच्या धनुष्यावरून निघाला आणि १९८८ पासून सलग तीन ऑलिंपिक खेळला. पण आपण या गटाकडे फक्त पहिली पायरी म्हणून पाहतो. वर जायचं तर रिकर्व्ह हवं, आणि त्याचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. ज्या घरी ते पैसे नाहीत, तिथलं पोरगं दोन वर्षांत धनुष्य खाली ठेवतं, आणि आपल्यात काही कमी होतं अशी समजूत घेऊन बसतं. मला हे सहन होत नाही. काही हजारांत येणारं बांबूचं धनुष्य तीस वर्षांच्या शेतकऱ्याने, अंगणवाडी सेविकेने, निवृत्त गुरुजींनी चालवावं, त्यांच्या तालुक्यात स्पर्धा व्हाव्यात, त्यांना मोठ्यांचा स्वतंत्र गट असावा. हायस्कूलचं मैदान रविवारी रिकामंच असतं. रिकर्व्ह शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी महिन्यातला एक दिवस साईट, क्लिकर सगळं काढून आपल्या खेळाडूंना कामठा द्यावा. कोणाची पाठ खरंच काम करते आणि कोण यंत्रावर टेकून उभा आहे, ते त्या एका दिवसात दिसेल. रिकर्व्हवर परत गेल्यावर त्याचा फायदाही होतो, हे मी स्वतःच्या नेमात पाहिलं आहे.

ज्यांना या हिवाळ्यात सुरुवात करायची आहे त्यांनी निदान तीन वर्षांची, सरळ पेरांची मानवेल पाहून ठेवावी. त्याच वर्षी फुटलेला कोवळा बांबू सुकताना पिळतो, तो घेऊ नये. थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असतं, म्हणून भुंगेरा कमी लागतो. उभा चिरून सावलीत ठेवला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो तासण्याजोगा होईल. तोवर रोज सकाळी रबरी पट्टी ओढून पाठ आणि खांदे तयार करावेत. दोन्ही हातांनी ओढावी, एकाच बाजूने ओढली तर पाठीचा कणा कुरकुरतो.