मंगळवारची पत्रं आणि झेरॉक्स

१९३० साली येरवडा तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमवासीयांना गुजरातीत पत्र लिहीत. त्यांचंच पुढे ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक झालं. आज येरवड्यातल्या एखाद्या शाळेतल्या बाईंना ती पत्रं वर्गात वाटायची असतील, तर खुशाल वाटावीत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइटचा हक्क संपतो. गांधीजींचं लेखन २००९ पासून खुलं आहे. अनुवाद मात्र तपासा, त्यावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो.

आणि हक्क शाबूत असलेलं पुस्तक? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिकवण्यापुरती नक्कल करू देतं. दिल्ली विद्यापीठाच्या गाजलेल्या झेरॉक्स खटल्यात, २०१६ मध्ये, उच्च न्यायालयानंही शिक्षणाची बाजू उचलून धरली. पण तीच पानं यूट्यूबवर जगासाठी टाकायची असतील, तर आधी प्रकाशकाची परवानगी मागा, तीही लेखी.