क्लच पेडलपाशी असलेला छोटा स्विच : बिघाड कसा ओळखावा, काळजी कशी घ्यावी

(मालवण किनारपट्टीतील शेतकरी व बागायतदारांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोहोर, तुडतुडे, भुरी, खतांच्या मात्रा या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण त्याचा संबंध आपल्या मालाशी आणि त्याहून अधिक आपल्या जिवाशी आहे. ट्रॅक्टर असो वा मालाचा ट्रक, त्याच्या क्लच पेडलपाशी अंगठ्याएवढा एक स्विच असतो. तो नीट चालतो तोवर कोणाचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो बिघडला की किल्ली फिरवूनही सेल्फ लागत नाही, किंवा भरलेला ट्रक घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक साथ देत नाही.

हापूस ८० ते ८५ टक्के पक्वतेला उतरवला की पुढचे प्रत्येक काम वेळेवर व्हावे लागते. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडून भरलेली गाडी राष्ट्रीय महामार्ग ६६ ने, म्हणजे पूर्वीच्या १७ क्रमांकाच्या महामार्गाने, वाशीच्या बाजाराकडे निघते. ही गाडी वाटेत अडली तर ताडपत्रीखाली उष्णता कोंडते आणि आंबा वेळेआधी पिकू लागतो. वर्षभराच्या कष्टाचा माल एका वायरीपायी उतरत्या भावात द्यावा लागू नये, म्हणून ही माहिती प्रत्येक बागायतदाराला असावी.

हा स्विच कशासाठी असतो?

ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचा प्रवाह फ्यूज, किल्ली, क्लचचा स्विच आणि रिले असा प्रवास करून सेल्फच्या सॉलेनॉइडपर्यंत जातो. काही ट्रॅक्टरांत गिअर किंवा पीटीओच्या लिव्हरपाशी याच मार्गात आणखी एक स्विच असतो. पेडल पूर्ण दाबले की क्लचच्या स्विचमधील संपर्क जुळतो आणि सेल्फ फिरतो. पेडल दाबले नाही तर सेल्फ फिरत नाही. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिला असेल आणि किल्ली मारली, तर तो जागेवरून उडी घेऊ नये, एवढाच यामागचा हेतू आहे.

ट्रकमध्ये या स्विचचे काम अधिक आहे. भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. या गाड्यांच्या इंजिनावर संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे नियंत्रण असते. चालकाने क्लच दाबला की सोडला, हे ईसीयूला या स्विचवरूनच कळते. त्यावरून एक्झॉस्ट ब्रेक लावायचा की सोडायचा, ज्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे तेथे ते बंद करायचे का, आणि काही गाड्यांत सेल्फ फिरवू द्यायचा का, हे ठरते. संगणक नसलेल्या अनेक जुन्या गाड्यांतही एक्झॉस्ट ब्रेकची वायर क्लचच्या स्विचमधूनच नेलेली असते.

किनाऱ्यावर बिघाड जास्त का?

आपल्याकडील हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पेडलजवळचा हा स्विच पायाच्या चिखलाच्या आणि पाण्याच्या वाटेतच बसवलेला असतो. ट्रॅक्टर खाडीकाठी किंवा किनाऱ्यावरील रेतीत नेला तर मिठाचे पाणी कप्लरमध्ये शिरते. तांब्याच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमते. वायर बाहेरून धड दिसते, पण आवरणाच्या आत तांबे काळे पडून ठिसूळ झालेले असते. याखेरीज पेडलच्या बुशची झीज, वाकलेली पट्टी, सैल झालेला नट आणि पावसाळ्यात उभ्या गाडीत शिरून वायरी कुरतडणारे उंदीर ही कारणेही नेहमीची आहेत.

तपासणीपूर्वी घ्यावयाची खबरदारी

गाडी सपाट जागेवर उभी करावी. हँडब्रेक ओढून चाकांना पुढून-मागून चिरा लावावा. गिअर व पीटीओ न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. समोर किंवा चाकापाशी कोणी उभे राहू नये. तपासताना इंजिन अचानक सुरू होऊ नये म्हणून ट्रॅक्टरच्या सॉलेनॉइडची बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळावी. ही वायर काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, नाहीतर पाना जाड टर्मिनलला लागून ठिणगी उडते. वायर वेगळी झाली की बॅटरी पुन्हा जोडून पुढील तपासणी करावी.

ट्रॅक्टरची तपासणी क्रमाने करा

१) पहिली परीक्षा हेडलाइटची. ही परीक्षा सॉलेनॉइडची वायर काढण्यापूर्वी, चालकाच्या आसनावर बसून करावी. हेडलाइट लावा, क्लच पूर्ण दाबा आणि किल्ली मारा. दिवा एकदम मंद झाला तर बॅटरी, तिची टर्मिनल, अर्थची पट्टी किंवा खुद्द सेल्फ यांत दोष आहे. दिवा होता तसाच तेजस्वी राहिला आणि सेल्फचा आवाजही आला नाही, तर सॉलेनॉइडपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही. अशा वेळी फ्यूज, किल्ली, क्लचचा स्विच, रिले आणि सॉलेनॉइड यांकडे वळावे. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मीटरवर १२ च्या खाली आकडा असेल तर आधी बॅटरी भरून घ्यावी.

२) दुसरी परीक्षा डोळ्यांची. पेडल हाताने दाबून पाहा. स्विचची दांडी पूर्ण दाबली जाते का? बिघाड बहुतेक वेळा स्विचमध्ये नसून त्याच्या जागेत असतो. विशेषतः क्लचचा प्ले बदलल्यानंतर किंवा क्लच प्लेट नवी टाकल्यानंतर पेडलची चाल बदलते आणि स्विच अर्धवटच दाबला जातो. तेथे नवा स्विच आणण्याऐवजी नट सैल करून स्विच योग्य जागी आणावा व पुन्हा घट्ट करावा.

३) तिसरी परीक्षा कप्लरची. किल्ली बंद ठेवून कप्लर सोडवा. पिना हिरव्या झाल्या असल्यास काँटॅक्ट क्लीनरने स्वच्छ करा. पिन वाकलेली किंवा मागे सरकलेली नाही ना, हे पाहा. वायर हलकेच ओढून बघा. आत तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

४) चौथी परीक्षा मल्टिमीटरची. कप्लर सोडवलेलाच ठेवून मीटर ओहमवर लावा आणि स्विचच्या दोन पिनांना टोके लावा. पेडल सोडलेले असताना मार्ग तुटलेला दिसला पाहिजे. पेडल दाबल्यावर आकडा शून्याजवळ आला पाहिजे. पेडल दाबलेले ठेवून स्विच व वायर हलवा. आकडा नाचू लागला तर स्विच किंवा त्याची वायर आतून सैल आहे.

५) पाचवी परीक्षा प्रवाहाची. कप्लर जोडा. एकाने किल्ली 'स्टार्ट'वर धरावी आणि क्लच दाबावा. दुसऱ्याने बाजूला राहून १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावावा. त्याचे एक टोक चासीच्या स्वच्छ धातूला आणि दुसरे स्विचमध्ये येणाऱ्या वायरीला जोडावे. येथे दिवा लागला नाही तर दोष मागे, म्हणजे फ्यूज, किल्ली किंवा मधल्या वायरीत आहे. येणाऱ्या वायरीवर लागला पण जाणाऱ्या वायरीवर लागला नाही, तर दोष स्विचचा. दोन्हींवर लागला तर रिले व सॉलेनॉइडकडे जावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसत्या मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली असे नाही. ठिबक संचाचा व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर गेज पूर्ण दाब दाखवते, पण फिल्टर चोंदलेला असेल तर व्हॉल्व्ह उघडताच दाब कोसळतो. गंजलेल्या वायरीचे तसेच आहे. मीटर फारसा प्रवाह ओढत नाही, म्हणून आकडा पूर्ण दिसतो. बल्ब प्रवाह ओढतो, म्हणून तो मिणमिणतो आणि दोष उघडा पडतो.

ट्रकची बाब वेगळी

ट्रॅक्टरवर शिकलेली युक्ती ट्रकवर जशीच्या तशी वापरू नये. पहिले कारण, अवजड ट्रकची यंत्रणा साधारणतः २४ व्होल्टची असते. दुसरे कारण, ईसीयूच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला किंवा तिच्यात बॅटरीचा थेट प्रवाह सोडला तर महागडे ईसीयू निकामी होऊ शकते. तेथे फक्त डिजिटल मल्टिमीटर वापरावा आणि किल्ली बंद केल्याशिवाय कप्लर ओढू नये.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ईसीयूला जोडलेला क्लचचा स्विच बहुतेक गाड्यांत ट्रॅक्टरच्या उलट चालतो. पेडल सोडलेले असताना त्याचा संपर्क जुळलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो. काही गाड्यांत वरच्या व खालच्या टोकाला असे दोन स्विच असतात. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका पाहून मगच निष्कर्ष काढावा. असा स्विच वेगळा करून मोजल्यास पेडल सोडलेले असताना १० ओहमपेक्षा कमी आणि दाबलेले असताना १ लाख ओहमपेक्षा जास्त आकडा यावा, अशी साधारण अपेक्षा असते. त्याच्या कोणत्याही पिनेपासून चासीपर्यंतचा आकडाही १ लाख ओहमपेक्षा जास्त हवा. तो कमी आला तर स्विच आतून चासीला लागलेला आहे.

आता याचा परिणाम पाहा. वायर तुटली किंवा पिन गंजली, तर ईसीयूचा समज होतो की क्लच सतत दाबलेलाच आहे. क्लच दाबलेला असताना इंजिन चाकांपासून सुटलेले असते, म्हणून ईसीयू एक्झॉस्ट ब्रेक लागू देत नाही. उलट, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर क्लच कधीच दाबला जात नाही असा समज होतो. मग एक्झॉस्ट ब्रेक चालू असताना चालकाने क्लच दाबला तरी ब्रेक सुटत नाही आणि इंजिन बंद पडू शकते. ज्या गाडीत सुरू करताना क्लचची अट आहे, तेथे सेल्फच फिरत नाही. स्विच व कप्लर ठीक असूनही दोष राहिला, तर ईसीयूकडील वायरिंग मात्र कंपनीच्या जाणकार मेकॅनिककडूनच तपासावे.

घाट उतरण्यापूर्वी

आपल्या जिल्ह्याला घाटमाथ्याशी जोडणारे रस्ते म्हणजे करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आंबोलीचे घाट. खत, सिमेंट, पेंड घेऊन भरलेले ट्रक हेच घाट उतरून खाली येतात. एक्झॉस्ट ब्रेक नसेल तर सगळा भार पायाच्या ब्रेकवर पडतो. वळणावळणांवर ब्रेक दाबून ड्रम तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. पेडल दाबूनही गाडी आवरत नाही, ती वेळ हीच. म्हणून घाटमाथ्यावर, सपाट रस्त्यावरच एक परीक्षा घ्यावी. गाडी गिअरमध्ये चालत असताना ॲक्सिलरेटर सोडून एक्झॉस्ट ब्रेक लावावा. इंजिनाचा आवाज बदलून गाडी ओढल्यासारखी मंदावली पाहिजे. तसे झाले नाही तर दोष काढल्याशिवाय उतार धरू नये.

गाडी भाड्याची असली तरी विचारणे हा माल देणाऱ्याचा हक्क आहे. पेट्या भरण्याआधी चालकाकडून गाडी दोन-तीन वेळा बंद-सुरू करून घ्यावी आणि इंजिनाचा इशारा-दिवा पेटलेला राहत नाही ना, हे पाहावे. रिकाम्या गाडीचा दोष अर्ध्या तासात निघतो. भरलेल्या गाडीचा दोष बाजार चुकवतो.

स्विच 'डायरेक्ट' करू नका

कामाची घाई असते, मेकॅनिक दूर असतो आणि कोणीतरी सल्ला देतो, "दोन वायरी जोडून टाक, डायरेक्ट कर." ट्रॅक्टर लगेच सुरू होतो हे खरे. परंतु त्या क्षणापासून तो गिअरमध्ये असतानाही सुरू होऊ शकतो. त्याहून घातक प्रकार म्हणजे जमिनीवर उभे राहून सॉलेनॉइडच्या टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारणे. असे करणारा माणूस मागच्या मोठ्या चाकापाशी उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर बाजूला व्हायला त्याला वेळच मिळत नाही. आज आपण डायरेक्ट केलेला ट्रॅक्टर उद्या आपला मुलगा किंवा रोजंदारीवरचा गडी सुरू करणार आहे, आणि त्याला ही गोष्ट ठाऊक नसेल. म्हणून ज्यांनी वायरी जोडून ठेवल्या आहेत, त्यांनी नवा स्विच बसवून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर कामाला लावू नये. सेल्फ मारायचा तो आसनावर बसूनच.

वर्षभराची काळजी

हंगामापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर, असे वर्षातून दोनदा क्लचच्या स्विचचा कप्लर उघडून स्वच्छ करावा. बॅटरीच्या टर्मिनलांना व्हॅसलिन लावावे. रेतीत किंवा खाडीकाठी गेलेला ट्रॅक्टर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा, मात्र पाण्याचा जोरदार फवारा कप्लरवर मारू नये. क्लचचे कोणतेही काम झाले की स्विचची जागा तपासावी. पावसाळ्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे वायरिंग उंदरांसाठी अधूनमधून पाहावे. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. एक साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, काही फ्यूज आणि आपल्या ट्रॅक्टरच्या मॉडेलचा एक जादा स्विच घरी ठेवावा.

मित्रहो, कलमाच्या पानावरचा डाग पाहून आपण रोग ओळखतो, औषध मात्र कारण समजल्यावरच फवारतो. यंत्राच्या बाबतीतही हीच शिस्त ठेवावी. आधी पाहावे, मग मोजावे आणि शेवटी बदलावे. येत्या हंगामात पहिली पेटी भरण्याआधी आपल्या ट्रॅक्टरच्या पेडलखाली एकदा अवश्य वाकून पाहा.