उन्हाची हौस व त्वचेचा कर्करोग

नॉर्वे-डेन्मार्कांत हिवाळ्यांत सूर्यदर्शन दुर्लभ. पण मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग तेथें ग्रीसपेक्षां किती तरी अधिक आढळतो. या कोड्याची उकल सोपी आहे. त्वचेंतील रंगद्रव्य म्हणजे निसर्गानें दिलेली छत्री, आणि उत्तरेकडील गोऱ्या लोकांपाशीं ती फार विरळ असते. १९५० नंतर सुबत्ता आली, प्रवास स्वस्त झाला, आणि वर्षभर घरांत कोंडलेली ही मंडळी पंधरा दिवस भूमध्य समुद्राच्या कांठीं अंग भाजून घेऊं लागली. पुढें कृत्रिम उन्हाचे दिवेही आले. २००९ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें त्यांची गणना निश्चित कर्ककारकांत केली.

रोग्यांची संख्या दशकानुदशकें वाढत गेली. मृत्यूंची संख्याही आधीं वाढतच होती. परंतु उत्तर व पश्चिम युरोपांतील बऱ्याच देशांत १९९० च्या सुमारास ती वाढ मंदावली. १९७० सालीं ब्रेस्लो यांनीं दाखविलें होतें कीं, रोग्याचें भवितव्य गांठीच्या जाडीवर अवलंबून असतें. एक मिलिमीटरहून पातळ गांठ काढून टाकली, तर बहुतेक रोगी वांचतात. आणि अशा पातळ गांठीच आतां अधिक सांपडूं लागल्या. २०११ पासून नवीं औषधेंही मिळालीं.

पूर्व युरोपांत याच्या उलट स्थिति दिसते. तेथें रोगी कमी, पण त्यांपैकीं दगावणारे प्रमाणानें अधिक. कारण निदान उशिरां होतें. म्हणून रोगी किती वाढले, एवढेंच विचारून भागत नाहीं. ते किती लवकर सांपडले, हेंही विचारावें लागतें. रंग वा आकार बदलणारा तीळ वेळींच डॉक्टरांना दाखविणें, यांतच पुष्कळदां जीवन-मरणाचें अंतर सांठविलेलें असतें.